रायतूरला व्याख्यान ठेवाल का?

माझी मावसबहीण इंदूरला दिलेली आहे. तीन-चार वर्षांतून एकदा रजा टाकून तिकडे जाणे होते. होळकरांचे शहर, त्यामुळे मराठी कानावर पडतेच. तिथल्या ‘अभ्यास मंडळा’च्या उन्हाळी व्याख्यानमालेला भाओजींबरोबर जाऊन बसलो होतो. वक्त्याचे म्हणणे पुष्कळांना पटलेले नव्हते, तरी लोकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग प्रश्न विचारले. मला मात्र सारखी आठवण येत होती ती आपल्या रायतूरच्या सेमिनरीची!

आम्ही शिरोड्याचे. आमची कामाक्षी मूळची पलतडच्या राय गावची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे मोडली गेली, तेव्हा देवी जुवारी ओलांडून अंत्रुजात आली. आजी नदीपलीकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगायची. रायतूर रायला लागूनच. पण आमच्या घरातले कोणी त्या सेमिनरीत पाऊल टाकायला गेले नाही. जायचे तरी कशाला?

पुढे मराठी घेऊन बी. ए. करताना कळले, की फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रायतूरलाच. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेजुइत मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहितो! त्याचे कोकणीतले धर्मशिक्षणाचे पुस्तकही १६२२ मध्ये इथेच छापले. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देवळे मोडणे, ओव्या रचणे आणि भाषा दाबणे, सगळे एकाच शंभर-सव्वाशे वर्षांतले. यातले एकच सांगून भागत नाही. आम्ही पहिले तेवढे सांगतो, ते दुसरे तेवढे.

म्हणून वाटते, सेमिनरीने मराठीतही व्याख्याने ठेवावीत आणि सगळ्यांना बोलवावे. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ मध्ये तिथेच सुरू झाले होते, नंतर ते जुन्या गोव्याला गेले. तशी दारे पुन्हा उघडावीत. पण पहिले व्याख्यान क्रिस्तपुराणावर नको. ते सगळ्यांनाच गोड लागेल. पहिला विषय राय-लोटलीतल्या मोडलेल्या देवळांचा असावा, आणि तो फादरांसमोर, त्यांच्याच सभागृहात मांडला जावा. मग क्रिस्तपुराण.

कोणी म्हणेल, हा धर्मप्रचाराचा नवा मार्ग. प्रश्न विचारायला मोकळीक असेल तिथे प्रचार फार वेळ टिकत नाही. कोणी म्हणेल, चर्चची भाषा कोकणी, मराठी कशाला? ज्या ठिकाणी मराठी पुराण छापले, तिथे हा प्रश्न शोभत नाही.

आणि आपले काय? २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध करणारे मराठीच होते. त्यांचे मराठीतले काम त्या वेळी कोणी वाचायला घेतले नाही. तेव्हा आपल्या सभामंडपातही एखाद्या फादरांना बोलवायला हवे. नुसते त्यांनीच दार उघडावे, हा कुठला न्याय?

असो. रायतूरला असे व्याख्यान ठरले, तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जाईन. आजी असती तर तिलाही नेले असते. तिने पहिला प्रश्न काय विचारला असता, ते मला ठाऊक आहे.