उसनं तारुण्य आणि एकुलती दुर्बीण

हिवाळ्यात रात्री शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून उत्तरेकडे मान उंच केली, तर दादरच्या झगमगाटातही ययाति तारकासमूहातला अल्गोल सापडू शकतो. दर २ दिवस २१ तासांनी तो काही तास मंदावतो, कारण त्याचा जोडीदार त्याच्यासमोरून जातो. जड तारा इंधन भराभर जाळून आधी म्हातारा होतो, हा नियम. या जोडीत मात्र म्हातारा हलका आणि जड तो तरुण! कारण फुगत गेलेल्या म्हाताऱ्याचे बरेचसे वस्तुमान शेजाऱ्याने ओढून घेतले. मुलाचे तारुण्य मागून घेणाऱ्या राजाचेच नाव या तारकासमूहाला असावे, हा योगायोग झकास आहे.

१९५३ मध्ये ॲलन सँडेज यांना एम३ या तारकागुच्छात समवयस्कांपेक्षा निळे, तरुण दिसणारे तारे आढळले. संशय अशाच उसनवारीवर होता. पण लुटला गेलेला जोडीदार शेवटी लहान, अतितप्त गाभ्यापुरता उरतो आणि साध्या प्रकाशात शेजाऱ्याच्या तेजात बुडून जातो. तो उठून दिसतो अतिनील प्रकाशात. आपली त्वचा आणि डोळे जपणारा ओझोनचा थर नेमका तोच प्रकाश अडवतो. म्हणजे दुर्बीण वातावरणाच्या वर न्यायला हवी.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ वर गेला. त्याच्या अतिनील दुर्बिणीमागे बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ होती. क्ष-किरण उपकरणांत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. २०१६ मध्येच या दुर्बिणीने एनजीसी १८८ या गुच्छातल्या एका निळ्या ताऱ्याशेजारी सुमारे १७,००० अंश तापमानाचा जोडीदार हुडकला. आरसा जेमतेम ३७.५ सेंटिमीटरचा!

उपग्रहाचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते, ते केव्हाच उलटले. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्येच बंद पडली. एक मीटर आरशाच्या ‘इन्सिस्ट’ दुर्बिणीचा प्रस्ताव शास्त्रज्ञांनी मांडला आहे. पैसा आत्ताच द्यायला हवा. रुग्णालयातले एकुलते सीटी स्कॅन यंत्र बंद पडल्यावर नव्याची फाईल हलवली, की मधल्या काळात रुग्ण तर परततातच, शिवाय ते यंत्र चालवायला तयार झालेला तंत्रज्ञही दुसरीकडे जातो. अल्गोल काही पळून जात नाही. पुण्या-बंगळुरूत दहा वर्षे ही निरीक्षणे वाचायला शिकलेली मुले मात्र जातील.