गाडी दारात, अक्कल गॅरेजात

मुंबईच्या उपनगरांत एक वाक्य लोक छाती फुगवून बोलतात: ‘आपल्याला नाही बुवा गाडीतलं काही कळत!’ बारा लाखांची गाडी, तिच्यावर सात वर्षांचे हप्ते, पार्किंगच्या जागेवरून भावकीला लाजवतील अशी भांडणं. पण बोनेटखाली काय आहे विचारा, की हे उत्तर. हेच गृहस्थ म्युच्युअल फंडावर आणि शेजारच्या मुलाच्या पर्सेंटाइलवर तासभर बोलू शकतात. न कळण्याची जिथे लाज वाटावी, तिथे यांना प्रतिष्ठा दिसते. याला मी अज्ञान म्हणत नाही, माज म्हणते. तेलकट हात म्हणजे हलकं काम, हा आपला जुना आजार. तो कुठून आला, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. हल्ली त्याला ‘वेळ नाही हो’ असं सभ्य नाव मिळालंय, इतकंच.

या शहराला तर हा माज मुळीच शोभत नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आपल्या कुर्ल्यात होता. फियाट तिथे बनली, पद्मिनी तिथे बनली. त्या गाड्यांचे मालक प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, निघण्याआधी रेडिएटरमधलं पाणी बघत, आणि त्यात कुणाची अब्रू जात नसे. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली. गाडी वारंवार बिघडेनाशी झाली आणि मालकाने शिकणंच सोडून दिलं. 2023च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत सेल्फीही काढले आणि गळेही काढले. त्यांतल्या कितीजणांना स्वतःच्या गाडीची डिपस्टिक कुठे असते ते ठाऊक होतं?

सरकारही या माजाला खतपाणी घालतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातला 31वा नियम ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम ठरवतो. त्यात वाहनाची यंत्रणा व दुरुस्ती असा एक भाग आहे, देखभालीचा वेगळा भाग आहे. पण खासगी गाडी चालवणाऱ्याला जे भाग शिकवायचे, त्यांत हे दोन्ही नाहीत! त्याला किमान 21 दिवस गाडी हाकायला शिकवायची, बास. बोनेट उघडायला लावणारा मोटार ट्रेनिंगवाला लिंक रोडला मला तरी भेटलेला नाही. नियमच सांगत नाही, तर तो कशाला उघडेल?

मग याची वसुली कुठे होते? सर्व्हिसिंगला. अंधेरीच्या एका वर्कशॉपात मी गाडी घेऊन गेले. एसी हॉल, फुकटची कॉफी, इस्त्रीच्या शर्टातला तरुण. त्याने एस्टिमेट पुढे केलं: इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, केबिन फिल्टर.

‘केबिन फिल्टर पूर्ण चोक झालाय, मॅडम.’

‘बघितलात?’

‘या किलोमीटरला होतोच.’

मी गाडीत बसले. ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या, डबा खाली लोंबला, मागची पट्टी काढून फिल्टर बाहेर ओढला. पांढराशुभ्र. पावसाळ्याआधी मीच बदललेला. काही शे रुपयांचा भाग आणि दहा मिनिटांचं काम. त्याने फिल्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘बाकीच्या कामांचं सरांना विचारून घेता का?’

सरांना त्या ग्लोव्हबॉक्समधून पीयूसीचा कागद काढता येतो. त्यापुढचं सरांना विचारण्यात अर्थ नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला टार्गेट आहे आणि समोर रोज माना डोलावणारी गिऱ्हाइकं आहेत. मान न डोलावणारं एखादं आलं, तर तो गडबडणारच.

पैसे जातात, तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. इथे जिवाशी गाठ आहे. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. त्यानंतर इतके पावसाळे झाले, तरी अंधेरी सबवेत पाणी भरलं की कोणीतरी शहाणा गाडी घालतोच. गाडी बंद पडते आणि हा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गप्प उतरून गाडी ढकलत बाहेर काढली असती, तर कदाचित साफसफाईवर निभावलं असतं. आता इंजिनच खोला. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी बहुधा हात वर करते, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तिला शिव्या.

टायरचंही तेच. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर बाद, असा नियम आहे. ते मोजायला पट्टीसुद्धा लागत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की संपलं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पेरू निवडताना चार वेळा दाबून बघणारे आपण, ज्या चार टायरांवर पोरांना बसवून लोणावळ्याचा घाट चढतो, त्यांचं वय कधी वाचत नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. चाक बदलायला मी त्यांच्याकडून शिकले. ‘आधी नट सैल कर, मग जॅक लाव,’ ते म्हणाले. ‘गाडी उचललेली असताना जोर केलास तर जॅकवरून घसरेल. आणि आवळताना समोरासमोरचे नट आवळ, ओळीने नको.’ ते पाहायला दोन-तीन मुलं जमली. आठवड्याभरात नोटीस लागली: पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामे करण्यास सक्त मनाई आहे. याच सोसायटीत कोणाच्या ना कोणाच्या फ्लॅटमध्ये बारा महिने टाइल कटर किंचाळतो, त्याला मनाई नाही. कारण तिथे मालक काम करवून घेतो; इथे स्वतः करत होता. कमिटीला खुपलं ते हे.

‘आजच्या गाड्या कॉम्प्युटरच्या, आपण काय करणार?’ हे ठरलेलं तुणतुणं. वायपरच्या रबरात कॉम्प्युटर नाही. कूलंटच्या टाकीवर कमी-जास्तीच्या दोन रेघा असतात, त्या पहिलीतलं पोरही वाचेल. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. राहिला इंजिनाचा पिवळा दिवा. त्यामागचा कोड वाचणारं यंत्र तळहाताएवढं असतं आणि कोणीही विकत घेऊ शकतं. एअरबॅगला, ब्रेकच्या आतल्या भागांना हात लावू नका, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. कुठे थांबायचं, तेही शिकल्याशिवाय कळत नाही.

दुसरं तुणतुणं: ‘आपणच केलं तर मेकॅनिकच्या पोटावर पाय नाही का?’ ही करुणा रस्त्यावर दिसत नाही. एलबीएस मार्गावर उन्हात बसलेल्या पंक्चरवाल्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे हेच, आणि एसी हॉलमध्ये कॉफी पीत हजारोंचं बिल न वाचता कार्ड पुढे करणारेही हेच. गंजलेला नट न तुटता निघायला काय कसब लागतं, हे ज्याने स्वतः पाना धरून पाहिलंय, तो पंक्चरवाल्याशी घासाघीस करत नाही.

तेव्हा ‘वेळ नाही’ हे मला सांगू नका. येत्या रविवारी ऑइल बघा, कूलंट बघा, हवा बघा आणि डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे का तेही बघा. बऱ्याचजणांची ती गाडी घेतल्यापासून तशीच पडलेली असते. बोनेटचा खटका बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली, गुडघ्यापाशी असतो. निदान तो कुठे आहे हे विचारायला तरी गॅरेजवाल्याला फोन लावू नका.