रविवार कोणाचा?

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनी भांडून मिळवली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ही मागणी लावून धरली. एप्रिल 1890 मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली; तीत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांना सुट्टी मान्य करावी लागली.

हा इतिहास मे दिनाच्या भाषणात येतो. धुणंभांडी करणाऱ्या बाईपर्यंत मात्र तो पोचत नाही. खरी गरज तर तिलाच आहे. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण त्यात आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. आजही तिची रजा म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

म्हणून लोखंड्यांची गोष्ट वस्तीतल्या बैठकीत सांगायला हवी. जयंतीचे भाषण नको. एकच प्रश्न विचारावा: सहा दिवस राबल्यावर सातवा दिवस कोणाचा? पुढचा हिशेब बाया स्वतःच मांडतील.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या उंबऱ्याच्या आतही सांगावी लागेल. आपण मोर्चाला जातो तेव्हा आपल्या घरची भांडी कोण घासते? तिची सुट्टी पगारीच हवी. तो दिवस तिने आधीच राबून कमावलेला असतो. कायदा होईल तेव्हा होईल. तिच्या चार घरांनी मिळून तिच्या सुट्टीचा वार ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.