वसुबारस शहरात, वासरू कोठे?

ठाणे : दिवाळीचा पहिला दिवा गाय-वासरापुढे लागतो. आश्विन वद्य द्वादशीच्या, म्हणजे वसुबारसेच्या सायंकाळी ठाणे, कल्याण व डोंबिवलीत सवत्स धेनूचा शोध सुरू होतो. कोणी गोशाळा गाठतो, कोणी सोसायटीच्या आवारात गाय मागवतो, तर कोणी पाटावरील चांदीच्या गाय-वासरावर भागवतो.

आवारात आलेल्या गाईपुढे घरोघरचा नैवेद्य येतो. भावना चांगली असली, तरी पोळ्या, भात असे अन्न एकदम पोटात गेल्यास रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्लता वाढते. प्रसंगी ते जिवावर बेतते. हिरव्या चाऱ्याची पेंढी हाच तिचा खरा नैवेद्य.

या दिवशी उपवास करणाऱ्या स्त्रिया गाईचे दूध-तूप वर्ज्य करतात. वासराच्या वाट्याचे वासराला मिळावे, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. पिशवीतील दूध घेणाऱ्या शहराला मात्र वासरू दिसतच नाही. कालवड पुढे दूध देणार म्हणून तिला मोल आहे. गोऱ्ह्याला पूर्वी नांगर आणि बैलगाडी होती. ट्रॅक्टरने ते काम काढून घेतले. त्यातच 2015 पासून राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. निकामी जनावर पोसण्याचा भार त्यामुळे पूर्णपणे मालकावर पडला.

पशुगणनेचे आकडे हेच सांगतात. 2012 ते 2019 या काळात देशात गोवंशातील माद्या सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्या, तर नर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. महाराष्ट्रातील एकूण गोवंश सुमारे 1 कोटी 55 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर आला. ही घट एकट्या कायद्याच्या माथी मारता येणार नाही. यांत्रिकीकरण त्याआधीच सुरू झाले होते.

पेरू देशात 1 ऑगस्टला अल्पाका या लोकरी जनावराचा राष्ट्रीय दिन पाळतात. तेथे नराचीही लोकर विकली जाते, त्यामुळे तो पोसणाऱ्याला जड होत नाही. आपल्याकडे गोऱ्ह्याला असा आधार उरलेला नाही.

राज्य सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईंना 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. त्याच वेळी गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दररोज 50 रुपये अनुदानाचा निर्णय झाला. घरच्या गोठ्यात गोऱ्हा सांभाळणारा मुरबाड-शहापूरचा शेतकरी या हिशेबात बसत नाही.