जाहिरातदाराचे खाते, वाचकाचे देणे

दैनिकाच्या छापील किमतीत त्याचा उत्पादनखर्च सहसा भरून निघत नाही. वाचक जे कमी देतो ते जाहिरातदार भरून काढतो. साहजिकच प्रत्येक वृत्तपत्रात जाहिरातदारांची खाती सांभाळणारा एक विभाग असतो. वाचकाच्या नजरेस तो कधी पडत नाही; परंतु वाचकाच्या हाती काय पडावे आणि काय पडू नये, याच्याशी त्या विभागाचा निकटचा संबंध येतो.

वस्तुतः हे काम सचोटीचे आणि कष्टाचे आहे. दरपत्रकाप्रमाणे जागेचा सौदा ठरवणे, तारीख, पान आणि आकार निश्चित करणे, मागणीबरहुकूम जाहिरात छापली गेली हे पाहणे, छापील अंक पुराव्यादाखल बिलासोबत पाठवणे आणि उधारीची मुदत सरताच वसुली करणे, अशी ही साखळी आहे. मधल्या जाहिरात संस्थेला परंपरेने १५ टक्के दलाली मिळते. खपाचा आकडा विश्वसनीय असावा यासाठी १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. येथवर सारा व्यवहार चोख आहे. जाहिरातदार जागेसोबत आणखी काही मागू लागतो, तेव्हा खरा प्रश्न उपस्थित होतो.

जाहिरात म्हणजे वृत्तपत्राला जडलेला रोग, असे मानणारा एक वर्ग आहे. त्याने पुण्याच्या ‘सकाळ’ने लढवलेला खटला आठवावा. वृत्तपत्राची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा १९५६ चा कायदा आणि त्याखालील १९६० चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये घटनाबाह्य ठरवला. जाहिरातींना कात्री लागली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटला की विचारप्रसाराचे स्वातंत्र्य आकसते, हे त्या निकालाने मान्य केले. तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांची अनुकूल आणि प्रतिकूल अशी वर्गवारी करून सरकारी जाहिरातींचे वाटप झाले. जे उत्पन्न स्वातंत्र्याचा आधार होते, तेच लगाम ठरले.

हा लगाम केवळ सरकारच्याच हाती असतो असे नाही. अमेरिकेतील ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टेपल्स सेंटर या नव्या क्रीडागृहावर आपल्या रविवारच्या नियतकालिकाचा विशेषांक काढला. त्या अंकाच्या जाहिरातींचा नफा क्रीडागृहाशी वाटून घेण्याचा करार व्यवस्थापनाने आधीच केला होता. मजकूर लिहिणाऱ्या पत्रकारांना त्याची कल्पनाही नव्हती. हे उघडकीस येताच संपादकीय विभागातील तीनशेहून अधिक जणांनी लेखी निषेध नोंदवला आणि पत्राला स्वतःचीच चौकशी करून ती छापावी लागली. अंकात खोटे छापले गेले, असा आक्षेप मुख्यतः नव्हता. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशीच नफ्यात भागीदारी करायची, हा खरा दोष होता.

महाराष्ट्रात हा दोष अधिक साध्या वेषात वावरतो. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांना तुटपुंजे मानधन मिळते आणि जाहिरातीवर दलाली मिळते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी ज्याच्या दारी उभे राहायचे, त्याच पुढाऱ्याच्या कारखान्याची किंवा शिक्षणसंस्थेची बातमी त्या वार्ताहराने निर्भयपणे लिहावी, अशी अपेक्षा केली जाते. त्या संस्थेतल्या शिक्षकाचा पगार थकला, तर त्याची तक्रार छापायची की जाहिरातीची थकबाकी वसूल करायची, हा पेच त्या एकट्या माणसाच्या माथी मारला जातो. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचे आरोप झाले आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्याची दखल घ्यावी लागली, यात म्हणूनच नवल वाटण्याचे कारण नाही. जी रीत बारा महिने चालते, तीच निवडणुकीत घाऊक होते.

आज जाहिरातींचा मोठा ओघ गूगल आणि मेटा यांच्याकडे वळला आहे. अशा टंचाईत तत्त्वे परवडत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर व्यवहारी वाटला तरी आत्मघातकी आहे. जाहिरातदार कोऱ्या कागदाचे पैसे देत नाही. शेजारच्या मजकुरावर वाचकाचा जो विश्वास असतो, त्याचे तो मोल देतो. तो विश्वास विकला की विकायला काहीच उरत नाही. म्हणून वसुलीचे काम वार्ताहराकडून काढून घेणे, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ठळकपणे ‘जाहिरात’ असे नमूद करणे आणि कोणतेही एक खाते इतके मोठे होऊ न देणे की ते गमावण्याच्या भीतीने लेखणी थबकावी, एवढी पथ्ये तरी पाळली पाहिजेत. जाहिरातदाराचे देणे बिलासोबत फिटते. वाचकाचे देणे कोणत्याही खातेवहीत लिहिलेले नसते. ते रोज सकाळी नव्याने फेडावे लागते.