बदल नव्या भागात करा
मुंबईत माझगावला 1949 मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या घराण्यातल्या जुन्या जीप जिवापाड जपणारी माणसं महाराष्ट्रात आजही आहेत. क्लच झिजला की या मंडळींची खरी परीक्षा होते. नव्या क्लच प्लेटचा व्यास जुळतो, तर मधल्या हबचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसत नाहीत. दाते जुळले, तर प्रेशर प्लेटची बोल्टची भोकं फ्लायव्हीलशी मेळ खात नाहीत. मग घाईत मूळ शाफ्टवर किंवा फ्लायव्हीलवरच हत्यार चालतं. हे थांबायला हवं. बदल करायचाच, तर तो बाजारात पुन्हा मिळू शकणाऱ्या भागात करावा. जुन्या प्लेटचा शाबूत हब काढून जाणकार कारागीर तो नव्या प्लेटवर रिव्हेटने बसवू शकतो. फ्लायव्हीलला भोकं पाडणं अटळच असेल, तर ती केंद्राशी काटेकोर जुळवावीत आणि प्रेशर प्लेटसकट बॅलन्सिंग करून घ्यावं; नाहीतर थरथर सुरू होते आणि बेअरिंगं लवकर जातात. प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची बदलली, तर रिलीज बेअरिंगचं अंतरही बदलतं. पेडलला मोकळी चाल उरली नाही, तर बेअरिंग सतत घासतं, प्लेट घसरते आणि जळते. म्हणून ही सगळी मापं गिअरबॉक्स चढवण्याआधीच घ्या आणि केलेला प्रत्येक बदल गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवा. पुढच्या मेकॅनिकला तो अंदाजाने शोधावा लागू नये, ही मालकाची जबाबदारी आहे.