थांबणाऱ्याला अभय कुणी द्यायचे?

ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकने दुचाकीला ठोकरले. मागे बसलेली पत्नी गेली. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना हात करत राहिला, पण कुणी थांबेना. अखेर त्याने पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि गाडी सुरू केली. त्याची चित्रफीत देशभर फिरली, चार दिवस हळहळ झाली, माणुसकी मेली म्हणून गळे काढून झाले आणि विषय मिटला.

माणुसकी मेली, हे निदान सर्वांच्याच सोयीचे आहे. एकदा ते केले की कुणालाच काही करावे लागत नाही. पण ते खरे नाही. 26 जुलै 2005 च्या रात्री मुंबईत कंबरभर पाण्यातून निघालेल्या अनोळखी लोकांसाठी चाळी-सोसायट्यांनी दारे उघडली, चहा-बिस्किटे वाटली, मुक्कामाला जागा दिली. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळून 30 जण दगावले, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक भर पावसात दोर लावून खाली उतरले. बोरघाटात गाडी उलटली की खोपोलीकडचे स्वयंसेवक आजही रात्री-अपरात्री धावतात. मग हाच महाराष्ट्र रस्त्यात पडलेल्या एकट्या दुचाकीस्वाराला वळसा घालून पुढे का जातो?

कारण पुरात मदत करणाऱ्याचा जबाब कुणी घेत नाही. अपघातात घेतात, निदान घेतील अशी धास्ती असते. रक्तबंबाळ माणसाला रिक्षात घालून एखादा अपघात विभागात पोचतो. स्ट्रेचर मिळण्याआधी प्रश्न सुरू होतात. पेशंट तुमचा कोण? नाव सांगा, मोबाईल नंबर द्या, इथे सही करा, पोलीस येईपर्यंत थांबा. खासगी रुग्णालय असेल तर अनामत रकमेचा विषय निघतो. पोलीस आले की पहिला संशय आणणाऱ्यावरच, ‘तुम्हीच उडवलं का?’ पुढे वर्ष-दोन वर्षांनी साक्षीचे समन्स घरी येते, त्या दिवसाचा रोजगार बुडतो आणि कोर्टात गेल्यावर कळते की पुढची तारीख पडली. ज्याने हे एकदा भोगले तो आपल्या दहा नातेवाइकांना सांगतो, ‘बाबा रे, थांबू नकोस.’ बघ्यांच्या गर्दीत मोबाईल उंचावून उभ्या असलेल्यांची गोष्ट निराळी; त्यांची तरफदारी करण्याचे कारण नाही. पण काच खाली करून पाहणारा आणि मग जड मनाने गिअर टाकणारा बहुसंख्य माणूस निर्दय नसतो, तो घाबरलेला असतो.

यातली संतापाची गोष्ट अशी की हे भय कायद्याने केव्हाच निकालात काढले आहे. पोलिसांचा कागद आणा, मग बघू, असे म्हणून जखमीला परत पाठवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच बजावले. रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर मार्च 2016 मध्ये न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले आणि 2020 मध्ये त्याचे नियमही निघाले. निःस्वार्थ, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी खटला चालणार नाही. नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. साक्ष द्यायची की नाही हे तोच ठरवेल, आणि तयार झाला तर त्याच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन एकाच वेळी काय ते विचारून घ्यायचे. एवढे अभय देऊन ठेवलेले आहे.

पण दिलेले अभय कुणाच्या कानावर घालायचे नाही, असाच जणू सरकारचा बेत असावा. सेव्हलाइफच्याच 2018 च्या पाहणीत 84 टक्के लोकांना या संरक्षणाचा पत्ता नव्हता. नियम सांगतो की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मदतकर्त्याच्या हक्कांची सनद स्थानिक भाषेतही दर्शनी भागात लावावी. आपल्या गावातल्या रुग्णालयाच्या दारात असा मराठी फलक किती वाचकांनी पाहिला आहे? चपला बाहेर काढाव्यात, भेटीची वेळ चार ते सहा, बिल भरल्याशिवाय डिस्चार्ज मिळणार नाही, हे सारे ठळक अक्षरांत असते. जीव वाचवू पाहणाऱ्याला धीर देणाऱ्या चार ओळींना मात्र भिंतीवर जागा नाही. पोलीस ठाण्यातल्या हवालदारालाही हा नियम कुणी समजावला आहे, असे त्याच्या बोलण्यावरून वाटत नाही.

याउलट बक्षिसाची योजना मोठ्या झोकात आली. 2021 मध्ये मदतकर्त्याला 5 हजार रुपये जाहीर झाले, पुढे ते 25 हजारांवर नेले. बक्षिसाला आमचा विरोध नाही, पण रोग एक आणि औषध भलतेच असा हा प्रकार आहे. अपघात पाहून थांबणारा टपरीवाला पैशांचा हिशेब करत नसतो. त्याला एवढीच खात्री हवी असते की उद्या दुकान बंद ठेवून चौकीच्या बाकावर बसावे लागणार नाही.

हा विषय भावनेचा म्हणून बाजूला टाकता येत नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातली 15 हजारांवर एकट्या महाराष्ट्रातली. अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक असतो हे कायद्यानेही मान्य केले आहे. जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार करण्याची केंद्राची योजना मे 2025 पासून आहे. पण जखमी रुग्णालयापर्यंत पोचलाच नाही तर त्या दीड लाखाचे करायचे काय? रुग्णवाहिका येईपर्यंतची वीस-तीस मिनिटे तिथे हजर असलेल्या अनोळखी माणसांच्याच हातात असतात, आणि तिथेच आपण राज्य म्हणून नापास होतो आहोत.

आरोग्य खात्याने एका महिन्याची मुदत देऊन प्रत्येक रुग्णालयाच्या दारात मदतकर्त्याच्या हक्कांचा मराठी फलक लावून घ्यावा, न लावणाऱ्यांना नोटीस काढावी. मदतकर्त्याला अडवून ठेवणाऱ्या पोलिसावर कारवाई झाल्याचे एक तरी उदाहरण गृहखात्याने दाखवावे. वाहन परवान्याच्या चाचणीत चिन्हांच्या जोडीने रक्तस्राव कसा थांबवायचा, हेही विचारावे.

आणि वाचकहो, तुमच्यापुरते एवढे लक्षात असू द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, मान हिसकू नका. 108 किंवा 112 फिरवा. रुग्णालयात कुणी नाव विचारलेच, तर कलम 134अ चे नाव घ्या आणि घरी जा. तुम्हाला तिथे थांबवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.